गुरुवारची जोडी

३ सप्टेंबर, गुरुवार

ताई,

पत्राच्या सुरुवातीला क्षेमकुशल लिहायची पद्धत आहे. माझं क्षेम माझ्या गुडघ्यांना विचार. तुझं कुशल मला दर रविवारी चर्चच्या नोटीस बोर्डावर वाचायला मिळतंच. भगिनी मंडळाच्या अध्यक्षांनी अमक्याला भेट दिली, तमक्याला चादरी वाटल्या. तेव्हा तो भाग सोडून देते.

तुझं कार्ड पोचलं. आईच्या उशाशी ठेवलंय. वर फुलांचा गुच्छ छापलाय, आत 'प्रिय भगिनी, आपल्या आजारपणाचे वृत्त समजले. मंडळ आपल्यासाठी प्रार्थना करीत आहे' असा मजकूर, खाली तुझी सही आणि सहीवर वाकडा शिक्का. आईनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. 'प्रिय भगिनी' ऐकल्यावर म्हणाली, "कुणाची गं बहीण?" मी म्हटलं, "तुझी मोठी मुलगी तुला बहीण म्हणतेय." त्यावर म्हणाली, "वयानं दिसत असेन." आणि हसली. हसताना धाप लागली, मग मी तिला उशांना टेकवून बसवलं.

तुला नुसती बातमीच हवी असेल तर ती अशी. तिचं हृदय थकलंय. पायांत पाणी भरलंय, बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी औषध बदललं नाही, फी घेतली नाही, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरांनी फी नाकारली की काय समजायचं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तू इतक्या आजाऱ्यांच्या घरी जातेस.

आई चालती-फिरती होती तोवर रविवारची मिस्सा झाली की तू दारापर्यंत तरी यायचीस. आत बसायची नाहीस, पण उंबऱ्यावर उभी राहून "बरं आहे ना सगळं?" म्हणायचीस. ती अंथरुणाला खिळली आणि तू तेही थांबवलंस. आता दर गुरुवारी तुझ्या मंडळाची जोडी येते. मी विचारलं, ताई का येत नाही? तर म्हणे नियम आहे. दोघींनी मिळून जायचं, एकटीनं नाही. घरातलं खायचं-प्यायचं नाही. आणि नात्यातल्या घरी जायचं नाही.

नियम का केला हे मला माहीत आहे. पूर्वी मंडळाची मदत फिरून फिरून सभासदांच्या जावांच्या आणि नणंदांच्याच घरी पोचायची. तेव्हा नियम शहाणपणाचाच. पण मंडळाची अध्यक्षा म्हणून कुणाकडं जायचं त्याचा तो नियम आहे, ताई. आपल्या आईकडं जायला कुठल्या मंडळाची परवानगी लागते?

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, म्हणून पत्र. आजच्या जोडीबरोबर पाठवतेय. फाडून टाकणार नाहीस, कागद वाया घालवायची तुला सवय नाही.

ये.

धाकटी


१० सप्टेंबर, गुरुवार

ताई,

उत्तर मिळालं. कापडी पिशवीतून. एक पाव, दोन साबण, दुधाच्या भुकटीचा डबा आणि प्रार्थनेचं पत्रक. पत्रकाच्या मागं काही लिहिलंय का म्हणून उलटून पाहिलं. मागं छापखान्याची जाहिरात होती.

तुझ्या जोडीबद्दल सांगते. पाठवणाऱ्याला माल कसा पोचतो हे कळायला हवं. एक आहे मास्तरीणबाई. निवृत्त झाल्या तरी खडू हातातून सुटलेला नाही. खुर्ची पुसून बसतात, चष्मा लावतात आणि मंडळाच्या फॉर्मवरचे प्रश्न एकामागून एक विचारतात. "आजाऱ्याची काळजी घेणारं घरात कुणी आहे का?" हे त्या मलाच विचारत होत्या, आणि मी आईच्या खालचं भांडं हातात घेऊन उभी होते. मी म्हटलं, "शोधून सांगते." त्यांनी ते खरंच ऐकून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाला लागल्या.

दुसरी बेकरीवाली. ही तुमच्यात नवीन. चर्चमध्ये मोठ्यानं हसते म्हणून मागच्या बाकावरच्या बायका तिच्याकडं वळून बघतात, तीच. अंगाला कायम भाजलेल्या पिठाचा वास. प्रार्थना तिला तोंडपाठ नाही, 'आमेन' मात्र सगळ्यांच्या आधी म्हणते. आईचे पाय उघडे दिसले तर विचारलंही नाही, जाऊन चादर खाली ओढली. आईनं डोळे उघडून मला विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, "मोठीनं पाठवलीय." तेव्हा आई म्हणाली, "मग मोठी मागून येत असेल."

जोडी गेल्यावरही ती दाराकडं बघत होती. मी दार लावून घेतलं, तर उघडायला लावलं.

जाताना मास्तरीणबाईंनी मला बाजूला घेऊन तुझा निरोप सांगितला. तू म्हणालीस म्हणे, "आईचं अखेरचं दुखणं मी एकदा बघून आले आहे." बाईंना अर्थ कळला नाही. त्यांनी तो निरोप श्रुतलेखनासारखा शब्दन् शब्द पोचवला. मला कळला.

ताई, मी तेव्हा लहान होते, पण आंधळी नव्हते. तू कॉन्व्हेंटमध्ये होतीस. डोक्यावरचं पांढरं कापड मिळालं होतं, व्रतं घ्यायची तेवढी राहिली होती. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. मामा तुला आणायला गेला आणि दारातच सांगितलं, आई अत्यवस्थ आहे, आत्ताच्या आत्ता चल. तू अंगावरच्या कपड्यांनिशी निघालीस. घरात शिरलीस तेव्हा मरायला टेकलेली बाई ओट्यापाशी उभी राहून कांदे चिरत होती. मला आठवतंय, आईचे डोळे वाहत होते आणि मला वाटलं, ती रडतेय. कांद्यानं पण रडता येतं ते मला नंतर कळलं. तू डोक्यावरचं कापड सोडलंस, घडी केलीस आणि पातेलं घासायला घेतलंस.

परत जायला निघालीस तेव्हा तिकडून मदरनंच कळवलं, घरची जबाबदारी आधी. मग तुला शाळेच्या कचेरीत नोकरी लागली आणि तुझ्या पगारावर हे घर उभं राहिलं. मी शिवण शिकले ती त्याच पगारावर. हे मी विसरलेली नाही. विसरू म्हटलं तरी तू विसरू देणार नाहीस, आणि बरोबरच आहे तुझं.

पण एकदा खोटं मरण दाखवलं म्हणून माणसाला खरं मरायची बंदी आहे का?

धाकटी


२४ सप्टेंबर, गुरुवार

ताई,

मागच्या गुरुवारी पत्र दिलं नाही. रागानं नाही. आईला रात्रंदिवस बसवून ठेवावं लागतंय, आडवी केली की गुदमरते. शिवणाची मशीन तिच्या खाटेला लावून घेतलीय. एका हातानं तिला धरते आणि दुसऱ्या हातानं तुमचे खांद्यावरून घालायचे निळे पट्टे शिवते. मंडळाचा रौप्यमहोत्सव अकरा ऑक्टोबरला, आणि बिशपसमोर सगळ्या भगिनी नव्या पट्ट्यांत दिसल्या पाहिजेत, असं तुझं फर्मान आलंय. मी काही मंडळाची सभासद नाही, मंडळाची शिंपीण आहे. लष्करच्या भाकऱ्या तू भाजतेस, जाळ माझ्या घरचा.

पट्ट्याचं कापड चांगलं निवडलंस. निसटतं जरा, पण चमक आहे. आई त्याच्या कडा बोटांत धरून बसते. काल विचारत होती, "हे मोठीच्या व्रताचं का?" मी 'हो' म्हटलं. काय बिघडलं?

फादर येऊन गेले. कपाळाला पवित्र तेल लावलं, तिचं कन्फेशन ऐकलं. मी बाहेरच्या खोलीत होते, पण आईला आता कमी ऐकू येतं, त्यामुळे ती जे कुजबुजते ते जिन्यापर्यंत पोचतं. मी काही सांगणार नाही. फादर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बरा होता. म्हणाले, "आता तिचं मन शांत आहे."

डोंबल शांत. फादर जिना उतरले नाहीत तोवर हाक आली. "धाकटे, मोठीला बोलाव."

मी म्हटलं, "आई, फादरांनी माफ केलं ना सगळं?"

"फादरांनी केलं. देवानं केलं असेल. त्याचं आणि माझं मी बघून घेईन." मग थोडा दम खाल्ला. "पण फसवलं ते मोठीला. देवाला कुठं फसवलं? तिनं माफ करायला नको?"

लिहिते तशी सलग बोलली नाही ती. शब्दाशब्दाला थांबत होती. पण बोलली हेच.

ताई, तिला खायला नको, औषध नको, मीसुद्धा नको. तुझ्या तोंडून एक शब्द हवा. तू पूर्वी म्हणायचीस की आपल्या घरात कुणी कुणाची माफी मागत नाही, दुसऱ्या दिवशी आवडीचं शिजवतात आणि विषय संपवतात. आता ती शिजवू शकत नाही. म्हणून तोंडानं मागतेय, उभ्या जन्मात पहिल्यांदा. ऐकायला तू हवीस. तिला वेळ फार नाही.

मी आजवर तुझ्याकडं काही मागितलेलं नाही, तू मागायच्या आधीच द्यायचीस. हे मागतेय. नियम मोडायचा नसेल तर अध्यक्षपद अर्धा तास मास्तरीणबाईंकडं ठेव आणि ये.

धाकटी


१ ऑक्टोबर, गुरुवार

ताई,

काल आपण भेटलो. तरी लिहितेय. तुझ्यासमोर माझं तोंड लुळं पडतं, आणि घरी आल्यावर जिना चढता चढता सगळी वाक्यं सुचतात.

पट्ट्यांचा पहिला गठ्ठा द्यायचा बहाणा करून मी आले होते. शेजारीण आईपाशी बसली होती. हॉलमध्ये लांब टेबलावर तुमच्या बायका पिशव्या भरत होत्या. तू कोपऱ्यात खाली बसलेली. वॉचमनच्या म्हातारीचा पाय मांडीवर घेतला होतास, कोमट पाण्यात भिजवून तिची नखं कापत होतीस. दगडासारखी नखं. तू एकेक हळू कापत होतीस, फुंकर मारत होतीस, आणि म्हातारी तुला तिच्या सुनेच्या कागाळ्या सांगत होती. तू 'हो ना', 'बघा ना' म्हणत होतीस. इतक्या मऊ आवाजात तू माझ्याशी कधी बोललीस ते मला आठवेना.

मला हेवा वाटला, ताई. त्या म्हातारीच्या पायांचा. आईची नखं मी कापते, पण मशीनवरच्या कात्रीनं, आणि घाईत.

तू वर बघितलंस. "तू इथं? घरी कोण आहे?"

"शेजारीण."

"कशी आहे?"

"येऊन बघ."

"धाकटे, इथं नको. बायका ऐकतायत."

"ऐकू दे. मंडळाची म्हणून येऊ नकोस, पोरगी म्हणून ये. शिक्का घरी ठेवून ये."

तू दुसरा पाय मांडीवर घेतलास. मग म्हातारीच्या अंगठ्याशी बोलावं तसं म्हणालीस, "मी दार ढकललं की ती उभी असेल. मला माहितीय. कांदे चिरत असेल."

"ती उभी राहिली तर मीच कांदे आणून देईन."

"आणि नसली उभी, तर?"

हे तू इतक्या हळू विचारलंस की मला आधी कळलंच नाही. तेवढ्यात म्हातारी "आई गं" करून पाय ओढून घेती झाली. नख जिव्हारी लागलं असावं. तू तिची माफी मागितलीस. लगेच, सहज, दोनदा. बघ, जमतं तुला. मागायला जमतं तर द्यायलाही जमेल, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मास्तरीणबाई बिशपच्या खुर्चीला गादी हवी की नको हे विचारायला आल्या. तू उठलीस, पदर झटकलास आणि म्हणालीस, "कार्यक्रम होऊ दे. मग बघू."

मी "बरं" म्हटलं. त्याचा मला संताप आहे. जिन्यावर सुचलेलं वाक्य असं होतं: आई तुझ्या कार्यक्रमपत्रिकेत नाही, ती कार्यक्रम संपायची वाट बघणार नाही.

दिव्याखाली अंधार म्हणतात, त्यात दिव्याला दोष नसतो, तो बिचारा एका जागी असतो. तुला पाय आहेत. चर्चपासून आपल्या घरापर्यंत एक वळण आणि एक जिना.

धाकटी


८ ऑक्टोबर, गुरुवार

ताई,

आज फार लिहीत नाही. मास्तरीणबाईंना ताप आलाय म्हणून बेकरीवाली एकटीच आली होती. जोडीचा नियम मोडला म्हणून तिला बोलू नकोस. खाली दारापर्यंत येऊन परत जाणार होती, मीच वर बोलावलं.

आई झोपलीय. बऱ्याच दिवसांनी पाठ टेकवून, तोंड मिटून.

आता तू यायची घाई करू नकोस. कार्यक्रम नीट पार पाड. उरलेले पट्टे बेकरीवालीबरोबर पाठवलेत, मोजून घे. तुझ्या पट्ट्याची तुरपाई हातानं केलीय.

धाकटी


१५ ऑक्टोबर, गुरुवार

ताई,

आजची जोडी आत्ताच गेली. ज्या घरात माणूस जातं त्या घरी पुढच्या गुरुवारी सांत्वनाला जायचं, हेही मंडळाच्या नियमातच आहे. नव्या दोघी होत्या, मी ओळखत नाही. माझी ओळख त्यांनी विचारून घेतली. जाताना कार्ड दिलं. 'प्रिय भगिनी, आपल्या मातोश्रींच्या निधनाबद्दल मंडळास अतीव दुःख झाले आहे.' खाली सही. शिक्का या वेळी सरळ उमटलाय.

माझ्या मातोश्री. तुझ्या कोण होत्या गं?

ती शुक्रवारी गेली, पहाट उजाडल्यावर. शनिवारी माती, रविवारी तुमचा समारंभ. त्यामुळे नव्या पट्ट्यांची तालीम आईच्या मातीलाच झाली. तुम्ही दोन रांगा करून उभ्या होतात, हातात मेणबत्त्या, सगळ्यांच्या खांद्यांवर मी शिवलेला निळा. चांगल्या दिसत होतात. कुठंही झोळ नव्हता. तू रांगेतून पुढं आलीस आणि 'आपल्या या दिवंगत भगिनीसाठी' अशी प्रार्थना वाचलीस. आवाज हलला नाही. माझ्यामागं कुणीतरी म्हणालं, "अध्यक्षांनी स्वतःचं दुःख किती बाजूला ठेवलंय बघा." मला वळून सांगावंसं वाटलं, फार वर्षं झाली बाजूला ठेवून, आता ते सापडायचं नाही.

सगळे पांगल्यावर तू कबरस्तानाच्या फाटकापाशी थांबलीस. मी चपला शोधत होते. तू म्हणालीस, "शेवटी काही म्हणाली का?"

मी म्हटलं, "नाही."

तू पुन्हा विचारलंस, "माझ्याबद्दल?" तुझा पट्टा खांद्यावरून घसरत होता आणि तू तो वर ओढत होतीस, पुन्हा घसरत होता. तुझ्या पट्ट्याला आतून टाका घालायचा राहून गेला होता. मी "नाही" म्हणून निघाले.

खोटं बोलले. सांगितलं असतं तर तू तिथं रडली असतीस, आणि मला तुला जवळ घ्यावं लागलं असतं. माझ्यात तेवढी माया त्या दिवशी शिल्लक नव्हती. आज आहे असंही नाही. पण हे तुझ्या मालकीचं आहे, म्हणून देऊन टाकते.

त्या गुरुवारी बेकरीवाली एकटीच आली, ते तुला लिहिलंच होतं. मी पट्ट्याला तुरपाई करत होते. ती खाटेपाशी वाकली तशी आईनं तिचं मनगट धरलं. घट्ट. एवढा जोर कुठून आणला देव जाणे. आणि म्हणाली, "मोठे, आलीस?"

बेकरीवालीनं माझ्याकडं पाहिलं. मी 'नाही गं, ही बेकरीवाली' असं म्हणायला हवं होतं. मी सुई कापडात खोचली आणि मान हलवली. होकारार्थी.

ती खाटेच्या कडेवर बसली. "आले की," म्हणाली.

"मी मरत नव्हते गं तेव्हा. तुला खोटं कळवलं."

"असू दे."

"कांदे चिरत होते मी."

ताई, त्या बाईला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी कुणाजवळ कधी बोलले नाही, तू तर मुळीच नाही. ती आपली जे सुचलं ते म्हणाली. "मग चिरायलाच पाहिजेत. पोरं जेवणार कशानं?"

आई रडायला लागली. बेकरीवालीनं आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले, नाक पुसलं. लहान मुलाचं पुसावं तसं, चिमटीत धरून.

"घर चालत नव्हतं गं. ही एवढीशी होती. मला दुसरं काही सुचलं नाही." मग खूप वेळ नुसती धाप. "माफ करशील का?"

"केलं," बेकरीवाली म्हणाली. "कधीच केलं. तू उगाच डोक्यात घेऊन बसलीस."

मी जिथं होते तिथंच होते. मला वाटलं, झालं, आता संपलं. पण आई आपलीच आई. डोळे पुसून झाल्यावर तिनं बारीक नजर करून विचारलं, "केलंस, तर मग इतके दिवस आली का नाहीस?"

बेकरीवाली गोंधळली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. आणि मग तिला तुमच्याबद्दल जे एकच ठाऊक होतं ते तिनं सांगून टाकलं.

"नियम होता, आई."

आई हसली. हसली, ताई. म्हणाली, "अगं बाई! मग सिस्टरच झाली असतीस तर काय वाईट होतं?" आणि तिचं मनगट न सोडता झोपली. झोपेतच एकदा म्हणाली, "हात किती गरम गं तुझे."

तेवढंच. त्यानंतर ती जागी झाली नाही असं नाही, पण पुन्हा कुणाला बोलावलं नाही. दाराकडंही बघितलं नाही.

तेव्हा तुला कळावं म्हणून कळवते, तू आईला माफ केलंस. तुझ्या वतीनं एका बाईनं केलं, मी साक्षीला होते. ते आता परत घेता येणार नाही, घेणारी घेऊन गेली. तुझा राग तुझ्यापाशी आहेच, तो मी मागत नाही, ठेव. पण ज्याच्यावर होता ते माणूस तुझ्याकडून माफ होऊन गेलंय.

बेकरीवालीचं मन तिला खातंय. आजाऱ्यापाशी खोटं बोलले म्हणते, दुसऱ्याची जागा घेतली म्हणते. रविवारी समारंभालाही आली नव्हती, बघितलंस का? पट्टा परत करायला ती तुझ्याकडं येईल. घेऊ नकोस. मी पुन्हा शिवणार नाही.

आईची खाट अजून काढलेली नाही. मशीन तिला लागूनच आहे, तिथं उजेड बरा येतो. माझे गुडघे आता जिना नको म्हणतात. कधीतरी मीही पडेन अंथरुणाला, तेव्हा नियमाप्रमाणे तू येणार नाहीस, मी नात्यातली ना. त्याची काळजी करू नकोस. कार्ड पाठवू नकोस, जोडीही पाठवू नकोस. बेकरीवालीला एकटीला पाठव.

तिला ताई म्हणायला मला जड जाणार नाही.

धाकटी